शिळेवर नसलेली ओळ

शिळेवर नव्हती अशी एक ओळ मी सात-आठ माणसांसमोर मोठ्याने वाचली. माझ्या कामात याहून मोठी चूक नाही. एखादं अक्षर चुकीचं वाचलं तर पुढचा माणूस ते दुरुस्त करतो, वर चार खडे बोलही सुनावतो. पण जिथे अक्षरच उरलेलं नाही तिथे वाक्य वाचणं म्हणजे पेशंटला न तपासता रोगाचं नाव सांगणं. मी ते केलं. चांगल्या हेतूने केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. पण त्या ओळीने वसईतलं एक घर भीतीने अर्धं केलं, आणि पुढे तीच ओळ उलटून माझ्याही अंगावर आली.

माझं काम एका म्युझियमसाठी जुन्या कोरीव लेखांचे ठसे घेण्याचं आणि जमतील तेवढे ते वाचण्याचं. लोकांना वाटतं, यात फार विद्वत्ता असेल. खरं तर निम्मं काम धोब्याचं आहे आणि निम्मं रंगाऱ्याचं. दगड मऊ ब्रशने, नुसत्या पाण्याने धुवायचा. त्यावर भिजवलेला कागद पसरायचा आणि दाट केसांच्या ब्रशने थोपटत जायचा, म्हणजे कागद प्रत्येक अक्षराच्या खोबणीत उतरतो. तो जरा सुकत आला की काजळीच्या शाईची कापडी गादी त्यावर हलक्या हाताने टेकवत जायची. दगडाचा सपाट भाग काळा उमटतो, खोल गेलेली अक्षरं पांढरी राहतात. कागद सोलून काढला की कुणा जुन्या कारागिराने छिन्नीने लिहिलेलं पान हातात येतं. इतक्या वर्षांनंतरही मी आधी ते उजेडाकडे धरतो.

मग वाचन. झिजलेल्या जागी काय असावं याचा अंदाज करता येतो, कारण दानपत्रांची भाषा ठरावीक असते. पण तो अंदाज छापताना चौकटी कंसात घालायचा, हा आमचा पहिला धडा. कंसाबाहेरचं दगडाचं, कंसातलं आपलं. कागदावर हे सोपं असतं. तोंडाला कंस नसतो.

आमच्या भागात, म्हणजे उत्तर कोकणात, शिलाहारांच्या काळातल्या ज्या शिळा सापडतात त्यांतल्या काहींना गधेगाळ म्हणतात. वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख आणि खाली एक बाई व तिच्यावर चढलेलं गाढव. अर्थ उघड आहे. अमक्याने अमकी जमीन दान दिली; सूर्य-चंद्र असेपर्यंत ते दान चालावं; जो मोडेल त्याच्या आईला गाढव लागो. राजाच्या सहीशिक्क्यानिशी दिलेली ही आईवरची शिवी आहे. वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्रासकट.

लोकांच्या मनात मात्र या शिळांचं वेगळंच काही होऊन बसतं. कुठे तिला शेंदूर लागतो, कुठे तिच्याखाली सोन्याचे हंडे असतात. सातिवलीला इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका गाळ्याच्या मालकाने मला बोलावलं होतं. प्लास्टिकच्या बादल्या बनवायचा. त्याच्या दारात अशी शिळा निघाली होती. मी गुडघ्यावर बसून वाचतोय आणि हा डोक्यावर उभा.

"ते सगळं राहू द्या हो. खाली किती फुटांवर आहे तेवढं सांगा."

"खाली काही नसतं. ही जमिनीच्या दानाची पाटी आहे."

"असं कसं नसतं? एवढा मोठा दगड उगाच कोण लावेल?"

मी गेल्यावर त्याने खणलंच. पाण्याची लाइन फुटली आणि अख्ख्या इस्टेटीने त्याला शिव्या घातल्या. शिळेचा शाप खरा असतो, हे तो आजही लोकांना सांगतो.

नायगावला खाडीकडच्या जमिनीवर भराव चालू असताना असाच एक दगड वर आला. सगळे त्याला पुन्हा भरावात ढकलायला निघाले होते. मी कागद दाखवले, नियम सांगितले, हात जोडले. कुणी ढुंकून बघेना. शेवटी मी जेसीबीच्या ड्रायव्हरला शिळेवरचं चित्र दाखवलं आणि त्यावर काय लिहिलंय ते अक्षरशः सांगितलं. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि चप्पल काढली.

"साहेब, माझी आई गावाला एकटी असते. हे काम दुसऱ्या कोणाला द्या."

शिळा वाचली. त्या दिवशी मला एक सोपी युक्ती सापडली. जे कायद्याने होत नाही ते भीतीने होतं. पुढे मी ती पुष्कळदा वापरली, आणि खरं सांगायचं तर मला तिचा अभिमानही होता.

आता त्या वाडीविषयी.

वसईच्या पश्चिमेला एका ख्रिस्ती कुटुंबाची केळीची आणि फुलांची वाडी आहे. घरात पास्कल, साठीच्या पुढचा, बोलायला कमी. त्याची बायको कार्मेलीन. मुलगा आखाती देशात नोकरीला. आणि सून प्रमिला. वाडीत एक बावखल आहे. बावखल म्हणजे पाणी साठावं, जमिनीत मुरावं म्हणून खणलेलं छोटं तळं. त्याच्या काठाला कपडे धुवायचा एक मोठा दगड होता, कार्मेलीन लग्न होऊन आली त्याच्याही आधीपासूनचा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं म्हणून पास्कलने गाळ काढायला घेतला. नव्या पायऱ्यांसाठी हा दगड फोडायचा म्हणून उलटा केला, तर खालच्या अंगाला चंद्र-सूर्य दिसले. पॅरिशचे तरुण फादर इतिहासाची आवड असलेले. त्यांनी मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा पहार आणि घण घेऊन दोन मजूर तयार उभे होते. कार्मेलीन, प्रमिला, फादर आणि कमळीबाय असे सगळे जमले होते. कमळीबाय मिठागराकडच्या गावातली, वर्षानुवर्षं या वाडीत फुलं तोडायला येणारी. मी चिखल धुतला. वरच्या ओळी छान होत्या. कुण्या अधिकाऱ्याने तळं आणि त्याच्या काठची बाग दान दिल्याचं कळत होतं. खालचा भाग मात्र खाऱ्या ओलीने खाल्लेला. चिपा उडालेल्या. शापाची ओळ गेली होती आणि चित्राच्या जागी नुसता खडबडीत दगड उरला होता.

"खाली काय लिवलंय?" पास्कलने विचारलं. "नसेल काही तर फोडतो. पावसाच्या आत पायऱ्या व्हायला पाहिजेत."

मजुराने घण खांद्यावर घेतला. मला माझी युक्ती आठवली. पण नायगावला समोर ड्रायव्हर होता. इथे दोन बायका, एक म्हातारी होत चाललेली कमळीबाय आणि पांढऱ्या झग्यातले फादर. यांच्यासमोर गाढवाची गोष्ट कशी काढायची? माझी जीभ रेटेना. मी सभ्य माणूस. म्हणून मी त्या उडालेल्या चिपांवर बोट ठेवलं आणि एक सभ्य ओळ रचली.

"लिहिलंय की, जो या दगडाला धक्का लावेल त्याच्या घरात पाळणा हलणार नाही."

कोणत्याही गधेगाळावर असं काही नसतं. मी माझ्या आयुष्यात वाचलेलं नाही. ते वाक्य कुठून आलं ते मलाही माहीत नाही. बहुधा लहानपणी ऐकलेल्या कुठल्यातरी कहाणीतून. मजुराने घण खाली ठेवला. मला जिंकल्यासारखं वाटलं. प्रमिला तिथून घरात निघून गेली, ते मी पाहिलं; पण ऊन फार झालं असेल, असं समजलो.

तिला दिवस गेलेले होते. तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळा गर्भ टिकला नव्हता. हे मला नंतर कळलं, फोनवर, पास्कलकडून.

"सर, तो दगड घेऊन जा तुमच्या म्युझियमला."

"नेणार आहोत, पण परवानगी यायला वेळ लागतो. काय झालं?"

"घरात कोणी धड जेवत नाही सर. सून मागच्या खोलीतून बाहेर येत नाही. म्हणते, आई, मी लग्नापासून त्या दगडावर कपडे आपटले. दोन्ही वेळा आपटले."

मी विरारला आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभा होतो. समोरच्या इमारतीत कुणी चादर झटकत होतं. त्या आवाजाने मी दचकलो, इतकं स्पष्ट आठवतं. "अहो, जुन्या काळच्या समजुती असतात त्या," असं काहीतरी मी बोललो. ती ओळ मी रचली, हे बोललो नाही. माझ्या वाचनावर विश्वास ठेवणारी माणसं या कामात थोडी आहेत; ती हातची जातील, या विचाराने गप्प बसलो.

पुढच्या आठवड्यात ठसा घ्यायला गेलो. शिळा हलवता येईना, कारण हात लावायला मजूर तयार नव्हता. माझ्याच ओळीने माझीच वाट अडवली होती. बावखलाचं काम अर्धवट पडलेलं. केळीच्या पानांचा आवाज सोडला तर वाडी चिडीचूप होती. शिळेवर जुनी चादर टाकलेली, चादरीवर विझलेल्या मेणबत्त्या, आणि त्यांच्या शेजारी एक नारळ व हळद-कुंकू लावलेलं लिंबू. मेणबत्त्या कार्मेलीनच्या, लिंबू कमळीबायचं. एरवी दोघींचा देवावरून कायम वाद चाले. या बाबतीत त्यांचं एकमत झालं होतं.

"दादा, मी पन याच दगडावर कापडं धुतली," कमळीबाय मला हळूच म्हणाली. "इथलंच पानी, हाच दगड. माझी पाच पोरं हायत की नाय?"

मला तिला मिठी मारावीशी वाटली. पण ओट्यावरून कार्मेलीन म्हणाली, "तू बाहेरची. दगड घरच्याला बघतो."

कमळीबाय फुलांच्या टोपलीकडे वळली. भीतीला असा खुलासा नेहमी तयार असतो. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी बादली उचलली.

पाणी ओतायलाही कुणी आलं नाही. मी चादर काढली, शिळा धुतली, कागद लावला. थोपटत असताना माझ्या पाठीला कुणाची तरी नजर जाणवत होती. वळून पाहिलं. मागच्या खोलीच्या खिडकीत प्रमिला गजांना धरून उभी होती. चेहरा उतरलेला, केस न विंचरलेले. मी हसलो. ती हसली नाही.

त्या दिवशी वारा होता. कागद अर्धवट सुकला की त्याची कड कधी सुटते आणि वारा आत शिरतो. मग कागद फुगतो, बसतो, पुन्हा फुगतो. आम्ही त्याला दगडाचं पोट म्हणतो, आणि ओला बोळा ठेवून ते बसवतो. मी शाई कालवायला वळलो होतो. तेवढ्यात खिडकीतून किंकाळी आली.

"आई! तो श्वास घेतोय! आई, बघा, त्याचं पोट हलतंय!"

मी शिळेकडे पाहिलं. खालच्या भागात, नेमकं जिथे मी बोट ठेवलं होतं तिथे, पांढरा कागद वर येत होता आणि खाली जात होता. एखाद्या झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा. हे का होतं ते मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी ते रोज पाहत आलो. तरीही माझ्या हातातली शाईची वाटी सुटली आणि मी दोन पावलं मागे सरलो. मी, ज्याने ती ओळ स्वतःच्या तोंडाने रचली होती, त्या ओळीला भ्यालो.

घरात धावपळ झाली. प्रमिलाच्या पोटात दुखायला लागलं होतं. रिक्षा आली. कार्मेलीन तिला धरून बसवत होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती. पास्कलने जाता जाता विचारलं, "सर, यावर काही उपाय लिहिलाय का हो? काही उतारा?" मी नकारार्थी मान हलवली. रिक्षा गेली. वाटीत उरलेल्या शाईने मी ठसा कसाबसा पुरा केला. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, आणि मी ते तिथल्या पाण्यात धुवायला धजावलो नाही. तसाच स्टेशनवर गेलो.

दवाखान्यातून तिला घरी सोडलं. डॉक्टर म्हणाल्या, बाळ ठीक आहे. पण आईने खाल्लं नाही, झोपली नाही, अशीच घाबरत राहिली तर मी काही सांगू शकत नाही. हे मला फादरांनी फोन करून कळवलं. त्यांनी शिळेवर पवित्र पाणी शिंपडलं होतं, घरात प्रार्थना केली होती.

"काही फरक?" मी विचारलं.

"नाही. सर, एक विचारू का? मी इंटरनेटवर या शिळांबद्दल वाचत होतो. सगळीकडे ते गाढवाचं येतं. पाळण्याचं कुठेच नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. फादर पुढे म्हणाले,

"माझ्याकडे आशीर्वाद आहे. पण ही भीती मी दिलेली नाही. ज्याने दिली त्यालाच ती परत घ्यावी लागेल."

फोन ठेवल्यावर मी ठसा उघडून बसलो. खालची जागा नुसती खडबडीत काळी उमटली होती. एक रेघ नाही, एक काना नाही. मला उगाच वाटत होतं की निदान एखादं अक्षर सापडेल, ज्याच्या आधाराने मी अर्धा तरी खरा ठरेन. काहीच नव्हतं. त्या काळ्या पट्ट्याकडे बघताना मी भ्यालो. शापाची भीती नव्हती ती. उद्या त्या घरात काही वाईट झालं, तर ते माझ्या वाक्याने झालं की नाही हे मला कधीच कळणार नाही, आणि तरीही ते वाक्य जन्मभर माझंच राहील, याची होती.

पुढे काय झालं ते लिहिण्याची परवानगी मी प्रमिलाकडे मागितली. तिने दिली; नावं बदलायला सांगितली आणि एक अट घातली. मी खरं सांगितलं त्या दिवसानंतर त्यांच्या घरात काय झालं ते लिहायचं नाही. चांगलं झालं असेल तर लोक म्हणतील दगड पावला, वाईट झालं असेल तर म्हणतील दगड बाधला. "माझ्या मुलाबाळांची गोष्ट दगडाशी पुन्हा जोडू नका," असं ती म्हणाली. म्हणून मी त्या दिवसापाशीच थांबणार आहे.

त्या दिवशी मी सकाळी वाडीवर गेलो. ठसा बरोबर नेला होता. ओट्यावर पास्कल, कार्मेलीन, कमळीबाय. फादर मुद्दाम थांबले होते. मी म्हटलं, प्रमिलाला बाहेर बोलवा. ती येईना. मग मी तिच्या खिडकीपाशी गेलो, आणि बाकीचे माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"मी त्या दिवशी जी ओळ वाचली ती दगडावर नाही," मी म्हणालो. "ती मी बनवली."

कुणाला कळलंच नाही. कार्मेलीन म्हणाली, "बनवली म्हणजे?"

"दगड फुटू नये म्हणून बनवली. अशा दगडांवर जो शाप असतो तो फार घाण असतो. तुमच्यासमोर सांगायला लाज वाटली."

"काय असतं?" कमळीबाय.

मी सांगितलं. फादरांसमोर, बायकांसमोर, कान तापलेले असताना, सगळं सांगितलं. दान मोडणाऱ्याच्या आईला गाढव. चित्रासकट. मग कमळीबाय फिसकन हसली आणि तिने पदर तोंडात कोंबला.

"अगो बाय! एवढंच? आमच्या आळीत नळावर रोज याच्याहून मोठी देतात!"

पास्कलही हसला. फादरांनी मान फिरवली, पण त्यांचे खांदे हलत होते. कार्मेलीन हसली नाही. ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्हाला लाज वाटली. आमची पोर तीन आठवडे अन्नाला शिवली नाही." तिचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

मी खिडकीच्या गजांतून ठसा आत दिला. प्रमिलाने तो पलंगावर पसरला. खालच्या काळ्या जागेवरून ती बराच वेळ हात फिरवत राहिली, जणू हाताला काही लागेल. मग तिने मान वर केली. मला वाटलं होतं, ती सुटल्यासारखी दिसेल. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि त्याच्या मागे आणखी काहीतरी, जे मी अपेक्षिलं नव्हतं.

"म्हणजे दगडाचं काही नव्हतं."

"नव्हतं."

"मग माझी पहिली दोन का गेली?"

कमळीबायने तोंडातला पदर काढला. तेव्हा मला कळलं की मी तिला नुसती भीती दिली नव्हती. एक कारणही दिलं होतं, आणि आज तेही काढून घेत होतो. कितीतरी उत्तरं तोंडाशी आली. डॉक्टरांचं, देवाचं, नशिबाचं. सगळी सभ्य. सगळी माझी. मी गज धरले, आणि जे पहिल्या दिवशी बावखलाच्या काठावर म्हणायला हवं होतं ते म्हणालो.

"मला माहीत नाही, प्रमिला. दगडावर तिथे काय होतं ते मला वाचता आलं नाही, आणि हेही मला वाचता येत नाही. येत नाही एवढंच त्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर."